हस्तक्षेप करू नये

रहांगडाले सरांविषयी लिहिताना मी ‘ते’ आणि ‘त्यांनी’ असंच लिहिणार आहे. त्याचा अर्थ कोणी आदर असा घेऊ नये. पाच वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, तोंडाला तशी सवय लागली, एवढंच. मनातल्या मनात मी त्यांच्याशी एकेरीत बोलते आणि जे बोलते ते इथं छापण्यासारखं नाही.

ते गोंदियातल्या एका महाविद्यालयात गणित शिकवायचे. उंच, किडकिडीत, शर्टाच्या वरच्या खिशात कायम खडूचा तुकडा, त्यामुळे खिसा पांढरा पडलेला. समोरचा बोलत असताना ते त्याच्या कपाळाकडे बघायचे, डोळ्यांकडे नाही. आपलं काहीतरी चुकलंय आणि ते कपाळावर लिहिलेलं आहे, असं वाटायला लागायचं. कॉलेजात त्यांच्याशी जेवणाचा डबा वाटून घेणारा एकही माणूस नव्हता, आणि याचं त्यांना वाईट वाटत होतं असं म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नाही.

गणिताच्या माणसाला धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, काय काम, असं तेव्हा सगळेच विचारायचे. काम असं होतं. एकाच जागी, एकाच मातीत, एकाच पाण्यावर चार-पाच जातींच्या वनस्पती वाढतात. मग त्यातली सर्वांत दांडगी बाकीच्यांना खाऊन का टाकत नाही? सगळ्या एकत्र टिकतात त्या कशाच्या जोरावर? हे त्यांना समीकरणात बसवायचं होतं. जंगलात जाऊन मोजता येत नाही, पसारा फार. म्हणून त्यांनी नागऱ्याच्या रस्त्यावरची एक बांधी धरली. चारी बाजूंनी धुरा म्हणजे मातीचा बांध, आत गुडघाभर चिखल, आणि त्यात धान, शिवाय सावा, मोथा ही तणं, असं एकमेकांच्या अंगावर वाढलेलं. “हेच माझं जंगल,” ते म्हणायचे.

त्या कामासाठी त्यांना वनस्पतिशास्त्राची एक मुलगी हवी होती. मी मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी माझी गुणपत्रिका उघडलीसुद्धा नाही.

“घरी भावंडं किती?”

“चार, सर.”

“जेवताना तुझ्या ताटातली भाजी कोण उचलत होतं?”

मला वाटलं माणूस खुळा आहे. “मोठा भाऊ,” मी म्हटलं.

“अन् तू त्याच्या ताटातली?”

“नाही कधी.”

“म्हणजे त्याचा दाब तुझ्यावर, तुझा दाब त्याच्यावर शून्य. आता सांग, भावाचं पोट भरल्यावर तो थांबत होता का?”

“थांबत होता.”

“म्हणून तू जिवंत राहिली. त्याच्या चांगुलपणानं नाही, त्याच्या पोटानं.” मग त्यांनी टेबलावरचं विजेचं बिल उलटं केलं आणि पाठीमागे दोन ओळींचं समीकरण लिहिलं. प्रत्येक जातीचा दुसरीवर एक दाब असतो, आणि प्रत्येक जातीचा स्वतःवरही एक दाब असतो, कारण गर्दी झाली की आपलेच आपल्याला आड येतात. दुसऱ्यावरच्या दाबापेक्षा स्वतःवरचा दाब जास्त असेल तर दोघं टिकतात. नसेल तर एक जण संपतो. “समजलं? मग उद्यापासून ये.”

समजलं होतं. तेच तर वाईट. त्याआधी मला कोणी इतक्या अपमानात इतकं स्वच्छ काही शिकवलं नव्हतं.

त्यांच्या स्वभावाचे किस्से कॉलेजात पुष्कळ आहेत. पर्यावरण दिनाला प्राचार्य माईकवर सांगत होते की निसर्गात सगळे जीव कसे प्रेमानं, गुण्यागोविंदानं नांदतात आणि आपण त्यांच्याकडून शिकलं पाहिजे. सर मागच्या रांगेतून उठून उभे राहिले. “प्रेमानं कोणी नांदत नाही साहेब. एकमेकाला संपवता येत नाही म्हणून नांदतात. मुलांना खोटं सांगू नका.” आणि बसले. प्राचार्यांनी रोप लावलं, टाळ्या झाल्या, आणि त्या वर्षी सरांच्या प्रवासभत्त्याची फाइल कुठंतरी हरवली. सरांनी ती शोधली नाही. स्टाफरूममध्ये कुणीतरी टोमणा मारला, “सर, तुमचा स्वतःवरचा दाब किती हो?” सर त्याच्या कपाळाकडे बघत म्हणाले, “मोजलेला नाही.” हे विनोदानं म्हटलं असतं तर मी त्यांना एक गुण दिला असता. ते विनोदानं म्हणाले नव्हते.

माझं दुःख मात्र दुसरं आहे. पहिल्याच वर्षी, श्रावणात, धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता. मला दुपारी बाराला घरी पोचायचं होतं. सकाळी मी मोजणीची वही दाखवायला गेले. मोजणीच्या तीस चौकटींपैकी एकीपुढं मी लिहिलं होतं, ‘अंदाजे चाळीस’. सरांनी ते पान फाडलं. हळूच, वहीच्या शिवणीला धक्का न लावता फाडलं, राग नसल्यासारखं.

“अंदाजे हा आकडा नसते. पुन्हा मोज. तीसही चौकटी.”

“सर, आज घरी साखरपुडा आहे.”

“तुझा आहे का?”

“बहिणीचा.”

“मग तुझं काय काम तिथं?”

मी घरी पोचले तेव्हा पाहुण्यांच्या पंगती उठल्या होत्या आणि माझ्या पायांना पोटरीपर्यंत चिखल होता. अल्बममध्ये मी एकाही फोटोत नाही. बहीण आता विसरली असेल. मी विसरले नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

बांधी होती कौतिकाबाई मेंढे यांची. त्यांच्या घरचीच पाच-सहा बांध्यांची शेती, त्यातली एक त्यांनी सरांना चार वर्षांसाठी दिली होती. मोजणीही बहुतेक त्याच करायच्या. त्याचं कारण असं की सावा लहानपणी हुबेहूब धानासारखा दिसतो. पान दांड्याला जिथं चिकटतं तिथं धानाला एक इवलीशी जीभ असते, साव्याला नसते. मी एम.एस्सी. झालेली, मला वाकून, पान ओढून ती जीभ शोधावी लागायची. कौतिकाबाई नुसतं बोट फिरवायच्या आणि सांगायच्या. लोखंडी चौकट चिखलावर ठेवायची, आतलं मोजायचं, धुऱ्यावर उभ्या असलेल्या मला ओरडून आकडा द्यायचा. “सावा सतराऽऽ! धान एकतीसऽऽ!” मी लिहायची. दर आठवड्याला तीस चौकटी, पावसाळाभर, चार पावसाळे.

बांधीच्या कोपऱ्यात सरांनी एक पाटी लावून घेतली होती. मजकूर त्यांचा, रंगवून मी आणलेली. ‘प्रायोगिक क्षेत्र. चौकटींमध्ये कोणत्याही प्रकारचा हस्तक्षेप करू नये.’

चार वर्षांनी आकडे समीकरणात घातले तेव्हा सरांना मी पहिल्यांदा खूश झालेलं पाहिलं. त्यांनी फळ्यावरच्या एका आकड्याभोवती तीनदा गोल काढला. साव्याचा साव्यावरचा दाब. तो आम्हाला वाटला होता त्याच्या कितीतरी पट निघाला होता. म्हणजे सावा गर्दी झाली की स्वतःच स्वतःला आवरतो. म्हणजे निंदण करून तण काढलं नाही तरी धान मरत नाही. म्हणजे ही सगळी मंडळी एका बांधीत कायमची टिकतात. लेख छापून आला. पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. एका परिषदेत पुण्याच्या एका बाईंनी विचारलं की इतर ठिकाणी तर सावा धानाला गिळतो, मग तुमच्याकडेच का नाही? सर म्हणाले, “त्यांनी नीट मोजलं नसेल.” सभागृह हसलं. मीही हसले.

माझा प्रबंध पान एकशे बारावरच्या त्याच एका आकड्यावर उभा होता. तेव्हा माझं वय एकतीस. घरी दोन स्थळं या प्रबंधापायी परत गेलेली, वडील बोलायचे बंद झालेले. एका महाविद्यालयात कायम जागा निघाली होती आणि पदवी हातात असेल तरच मुलाखत होती. प्रबंध त्या महिन्यात जमा झाला नसता तर जागा गेली असती, आणि तशी जागा आमच्या जिल्ह्यात पुन्हा कधी निघेल ते कोणी सांगू शकलं नसतं.

त्याच, म्हणजे पाचव्या पावसाळ्यात कौतिकाबाई मुलीच्या बाळंतपणाला आमगावला गेल्या. प्रयोग संपला होता, पण सर म्हणाले अजून एक हंगाम मोजू. मी एकटीच मोजत होते. पाच आठवडे झाले आणि सावा वाढतच राहिला. चौकटीत हात घालायला जागा उरली नाही. मला वाटलं माझीच ओळखण्यात चूक होतेय.

कौतिकाबाई परत आल्या त्या दिवशी धुऱ्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

“अवो बाई! येवढा सावा काऊन होऊ देल्ला?”

“मी काय करणार? मी फक्त मोजते.”

“मी पन मोजतच होती ना! मोजली का मंग उपटाचा.” आणि बोलता बोलता त्या आत उतरल्या, वाकल्या, एक मूठ साव्याची ओढून काखेत धरली. दुसरी मूठ ओढली.

“कौतिकाबाई, चार वर्षं तुम्ही हे करत होतात?”

“दाट दिसला का मूठभर ओढाचा. इरळ दिसला त राहू द्याचा. मोजाच्या आधी कधी हात नाई लावला बाई, देवाशपथ. आकडा तं खराच सांगतल्ला तुमाले.”

“पण पाटी लावली होती ना? हस्तक्षेप करू नये म्हणून!”

“तं कुठं केला?” त्या सरळ झाल्या, दुखावल्यासारख्या. “हस्तक्षेप म्हंजे कोनती दवाई असन म्हटलं. एक थेंब नाई मारला मी बांधीत. घरचा बुढा फवारा मारतो म्हने, त्याले पन मारू नाई देल्ला. इचारा त्याले.”

मला हसू आलं आणि लगेच थांबलं. दाट असेल तिथं उपटायचा, विरळ असेल तिथं ठेवायचा. दर आठवड्याला, तीस चौकटींत, चार पावसाळे. साव्याचा साव्यावरचा दाब म्हणून सरांनी ज्याला तीनदा गोल केला तो साव्याचा नव्हताच. संध्याकाळी कौतिकाबाईंच्या डोक्यावर बैलांसाठी गवताचा भारा असायचा. तो मी चार वर्षं बघत होते. शेतातून परतणाऱ्या बाईच्या डोक्यावर भारा असणारच, म्हणून मी तो कधी पाहिलाच नाही.

“वावरात उभं राहून कचरा पाहाचा अन् हात बांधून ठेवाचा?” कौतिकाबाई म्हणाल्या. “हात आयकत नाई ना बाई.”

मी दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. ते उठले, फळा पुसला, साव्याच्या ओळीत एक नवीन अक्षर टाकलं, ‘ह’. हाताचा ह. तो वेगळा काढून बाकीचं पुन्हा मांडलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. हात काढला की साव्याचा स्वतःवरचा दाब कोसळत होता, धानावरचा तसाच राहत होता. म्हणजे टिकणं वगैरे काही नाही. सावा धानाला गिळत होता, सगळीकडे गिळतो तसाच.

“वहीत लिहिलंय का तिनं उपटलं म्हणून?”

“नाही सर. कोणालाच माहीत नव्हतं.”

त्यांनी खडू परत खिशात ठेवला. मग म्हणाले, “तुझा प्रबंध माझ्या कपाटात आहे. सही केलेली आहे. उद्या जमा करायचा की नाही ते तू ठरव.” आणि चहाला निघून गेले.

हे मी त्यांना कधीच माफ करणार नाही. ओरडले असते, ‘चूप राहा आणि जमा कर’ म्हणाले असते, तर मला आयुष्यभर सांगता आलं असतं की त्यांनी मला भाग पाडलं. ‘जमा करू नको’ म्हणाले असते तरी चाललं असतं. बहिणीच्या साखरपुड्याला जाऊ की नको हे ठरवू न देणारा माणूस नेमका त्या दिवशी मला ठरव म्हणाला.

राग त्यांनी काढला तो कौतिकाबाईंवर. मला घेऊन बांधीवर गेले. शेजारच्या बांधीत बाया निंदत होत्या, त्यांच्यासमोर धुऱ्यावर उभं राहून ओरडले, “चार वर्षं माझं गणित चोरून बैलाले चारलं तू! चोट्टी! चल निघ, पुन्हा इथं पाय ठेवला तर बघ!”

कौतिकाबाईंनी हातातली चौकट त्यांच्या पायाशी टाकली. चिखल त्यांच्या पँटवर उडाला.

“हाकलून कोनाले राहिले सर? वावर माझं आहे. तुमी निंगा.”

शेजारच्या बाया हसल्या. सर तोंड फिरवून मोटरसायकलकडे गेले. कौतिकाबाईंनी मग माझ्याकडे पाहिलं. चोट्टी म्हटलं तेव्हा मी तिथंच उभी होते, आणि चोरी त्यांनी केली नाही हे जगात मला एकटीला पक्कं माहीत होतं. एक वाक्य बोलायला हवं होतं. मी खाली वाकून चौकट उचलली आणि सरांच्या मागे गेले.

प्रबंध मी जमा केला. पदवी मिळाली, जागा मिळाली. आता अर्जुनीकडे एका महाविद्यालयात शिकवते. खिडकीतून इटियाडोहच्या कालव्याचं पाणी दिसतं. लग्नही झालं. सर निवृत्त झाले त्या समारंभाला मी गेले नाही. भाषणं कोणी केली असतील आणि काय केली असतील, मला कल्पना करवत नाही.

प्रबंधानंतर सहा वर्षांनी एका सहकाऱ्यानं मोबाइलवर एक पान पाठवलं. आमचा लेख जिथं छापून आला होता तिथंच रहांगडाले सरांनी दुरुस्ती दिली होती. त्यांचेच शब्द: पूर्वीचा निष्कर्ष चुकीचा होता. त्यानंतर तीन हंगाम दोन बांध्या शेजारी शेजारी ठेवून, एकीत हात लावून आणि एकीत न लावता, पुन्हा मोजलं. हाताला समीकरणात जागा दिली. निरीक्षणातल्या त्रुटीची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे, सहलेखिकेची नाही. आणि शेवटी, आभार: श्रीमती कौतिकाबाई मेंढे, ज्यांना तण आणि धान यांचं नातं माझ्याआधी ठाऊक होतं.

“वाचवलं की हो तुम्हाला सरांनी,” सहकारी म्हणाला. “मोठं मन.”

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. वाचवलं? ती चूक मी शोधली होती. फळ्यावर ‘ह’ लिहिला गेला तो मी सांगितलं म्हणून. लेखात पहिलं नाव त्यांचं होतं, ठीक आहे, ती रीत आहे. पण चूकसुद्धा या माणसानं एकट्यानं खाल्ली. कबुलीत माझ्यासाठी एक घाससुद्धा ठेवला नाही. आणि राग यायला मला हक्क नव्हता, त्यामुळे राग जास्त आला.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, गेल्या वर्षी, भादव्यात. गोंदियाला काम होतं आणि स्कूटी नागऱ्याच्या रस्त्याला का वळवली हे मला सांगता येणार नाही. बांधी ओळखू आली. पाटी नव्हती. कौतिकाबाई आत वाकलेल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, सर. केस पूर्ण पांढरे झालेले, पाठीला बाक. त्यांनी एक रोप उपटून कौतिकाबाईंना दाखवलं.

“धान उपटलं ना सर!” कौतिकाबाईंचा आवाज रस्त्यापर्यंत आला. “कितीदा सांगाचं? बोट फिरवा, बोट. डोऱ्यानं नाई दिसत ते.”

सरांनी ते रोप परत चिखलात खोचलं. त्यांना कोणी तसं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं मला मजा वाटेल. वाटली नाही.

त्यांनी वर पाहिलं आणि मला ओळखलं. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. नेहमीसारखं कपाळाकडे बघत विचारलं, “शिवणकर, तुझा प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे ना अजून?”

“आहे, सर.”

“पान एकशे बारा?”

“तसंच आहे.”

“माझं मी खोडलं,” ते म्हणाले. “तुझं मला खोडता येत नाही.”

एवढं बोलून ते वाकले आणि पुढच्या रोपावर बोट फिरवायला लागले. कौतिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही, त्या मोजत होत्या. मी स्कूटी सुरू केली. काहीतरी झणझणीत उत्तर जुळवत मी अर्जुनीपर्यंत आले. माझं मी इथं खोडते.

पान एकशे बारावरचा आकडा खोटा आहे. तो साव्याचा नाही, कौतिकाबाईंच्या हाताचा आहे. त्यांनी काही चोरलं नव्हतं, आणि हे मला त्याच दिवशी माहीत होतं.